सरपंचाच्या दानाचा बकुळहार

मी रंगनाथ सोनार. तिसगावच्या बाजाराला येणाऱ्या बायकांच्या गळ्यात सोन्याची फुलं दिसतात, त्यातली बरीचशी माझ्या हातची. पण पुष्पावतीबाईंच्या बकुळहारासारखं काम मला पुन्हा जमलं नाही. बकुळीचं खरं फूल समोर ठेवून एकेक पाकळी उठवली होती. त्यांच्या वडिलांनी लग्नात घातलेला दागिना तो. वडील गेले, आता माहेरचं म्हणून बाईंकडे तेवढंच उरलंय.

बाईंचा नवरा काकासाहेब आमच्या गावचा सरपंच. माणूस वाईट नाही, पण फोटोवाला दिसला की त्याची मान आपोआप ताठ होते.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या तलावाच्या कामावर मंत्री येणार असं ठरलं. विहिरींत खडखडाट, झेंडू कुठून आणणार? कुणीतरी म्हणालं, सुताचा हार घाला. काकासाहेब उखडले. "सुताचा कुनालाबी घालत्यात! मंत्री येतोय का तलाठी?" आणि घरातून बकुळहारच उचलून आणला.

"पुढारी हार घातला की लगीच काढून बाजूला देत्यात," ते मला म्हणाले. "फोटो झाला की हार घरी."

"बाईंना इचारलंय का?"

"घरचंच तर हाय, इचारायचं काय त्यात?"

हार घातला, फोटो निघाला. मंत्र्यांनी रिवाजाप्रमाणे हार काढलाही, पण बाजूला न देता ते माईककडे वळले. "अशा दिवसांत मी सोनं घेऊ? हे या कष्टकरी माउलीचं!" समोरच मातीची पाटी घेऊन बनुबाई उभी होती. त्यांनी तिला पुढं बोलावलं. ती बिचारी गांगरली, आणि तिनं पदर पसरला. हार पदरात पडला. टाळ्या वाजायला लागल्या, आणि काकासाहेबांनाही वाजवाव्या लागल्या.

सवाष्णीच्या पदरात पडलं की ती ओटी झाली, आणि ओटीतलं परत मागायची आमच्याकडे रीत नाही. तरी काकासाहेब दुसऱ्या दिवशी तिच्या झोपडीपाशी घुटमळून आले. बनुबाई म्हणाली, "दादा, मला कुठं पचतंय ह्ये? पर वटीतलं बापयाच्या हातात कसं देऊ?"

पुष्पावतीबाईंनी अन्न सोडलं. मलाही वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? एवढ्यात नगरच्या पेपरात छापून आलं, 'दानशूर सरपंचाने सुवर्णहार अर्पिला.' झालं! काकासाहेबांचं दुःख कुठल्या कुठं पळालं. पेपर बायकोपुढं नाचवत म्हणाले, "हार गेला तर जाऊ दे. नाव किती झालं बघ!"

 बाई उठल्या आणि तडक बनुबाईकडे गेल्या.

बनुबाईनं त्यांना घोंगडीवर बसवलं, कुंकू लावलं. घरात तांदूळ कुठले? रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीनंच तिनं बाईंची ओटी भरली, आणि वर बकुळहार ठेवला. "मी वाटच बघत हुते," ती म्हणाली. "वटीचं वटीत गेलं, आता कुनाला दोस न्हाई." दोघी गळ्यात पडून रडल्या, असं बनुबाईनंच मला सांगितलं. काकासाहेबांना मात्र हे सांगायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आठवड्यानं तिसगावात दानशूर सरपंचांचा सत्कार झाला. मांडव खच्चून भरला. काकासाहेब गहिवरून बोलत होते, "माझी बायको लंकेची पार्वती झाली, मंडळी, पर गरिबाच्या तोंडाकडं बघून मी..."

तेवढ्यात पुष्पावतीबाई बनुबाईचा हात धरून मांडवात आल्या आणि पहिल्या ओळीत बसल्या. पदर मुद्दाम जरा सारलेला होता. गळ्यात बकुळहार.

मांडवातल्या सगळ्या माना तिकडं वळल्या.  काय करावं ते न कळून आयोजकांनी घाईघाईनं काकासाहेबांच्या गळ्यात हार घातला.

झेंडू त्यांनाही मिळाला नव्हता. सुताचाच होता.