अकरा आणि दहाच्या मधली आत्या

माझी आत्या एकशे एक वर्षांची होती आणि तिला मरायला वेळ नव्हता. आमच्या वाचनालयाची शंभरी तोंडावर आली होती. समारंभात मंचावर अकरा खुर्च्या मांडायच्या, त्यांवर सगळ्यांत वयस्कर अकरा सभासद वयाच्या क्रमाने बसवायचे, आणि पहिल्या खुर्चीतल्या माणसाने नव्या दालनाची फीत कापायची, असं ठरलं होतं. आत्याने कात्री आणून ठेवली होती. धारही लावून घेतली होती, माझ्याकडूनच. मी घड्याळजी, घरातल्या बारीक पात्याची कामं माझ्याकडेच येतात.

तिच्या खालोखाल नंबर लागायचा शिलाईवाल्या मावशींचा. त्या नव्याण्णव वर्षांच्या. दोघींचं गेली साठ वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य, आणि कारण काय, तर आत्याच्या कोटाची एक बाही मावशींनी चार बोटं आखूड शिवली. कोट कधीच विरला, बाही अजून आखूडच आहे.

तर या सगळ्यात मी कसा आलो? वाचनालयाचा कारभार पर्ल नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेला. लिहिणारा माणूस निवृत्त होऊन दूर निघून गेला, आणि ते लिखाण त्याच्याशिवाय कुणाला वाचता येईना. म्हणून ग्रंथपालांनी वरच्या खोलीत दुपारचा वर्ग काढला. शिकवायला संगणकदुरुस्तीच्या दुकानातली बाई, गावात नवीनच आलेली. शिकायला आम्ही नऊ रिकामटेकडे.

सहाव्या आठवड्यात बाईंनी प्रत्येकाला रोजच्या कामातला एकेक प्रश्न दिला. बेकरीवाल्याने फाईलमधल्या ओळी मोजायच्या, नर्सबाईंनी दोनदा आलेली नावं गाळायची. माझ्या वाट्याला सभासदांची यादी आली. जन्मतारखेवरून वय काढायचं आणि मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लावायचा. पहिल्या दिवशी माझी वजाबाकी उलटी झाली आणि ग्रंथपाल उणे बावन्न वर्षांचे निघाले. म्हणजे अजून बावन्न वर्षांनी जन्मायचे. ते दुरुस्त केलं, सॉर्ट नावाचा शब्द घातला, आणि यादी बाहेर पडली. वर नव्याण्णव, मग अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. ग्रंथपालांनी पहिली अकरा नावं पाहिली, मान डोलावली आणि पहिलं पान दाराशी फळ्यावर लावलं. मी गल्लीत छाती पुढे काढून फिरलो.

दुसऱ्या दुपारी काठीचा आवाज जिना चढत आला.

"अरे गाढवा," आत्या दारातूनच म्हणाली, "मी मेले का?"

"नाही गं आत्या."

"मग फळ्यावर ती बाहीचोर पहिली कशी? आणि मी कुठाय?"

बाईंनी पूर्ण यादी पडद्यावर उघडली आणि आत्याचं नाव शोधायला सांगितलं. पडदा सरसर खाली गेला. पाचशे नावं गेली, हजार गेली. बाराशेच्या पुढे कुठेतरी तो थांबला. वरच्या ओळीत एक मुलगी, वय अकरा. खालच्या ओळीत एक मुलगा, वय दहा. मध्ये माझी आत्या.

आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच.

"दहा वर्षांच्या पोरापेक्षा मोठी आहे," ती म्हणाली. "उपकार झाले तुझे."

बाईंनी समजावलं. पर्लला मुद्दाम सांगितलं नाही तर ते क्रम लावताना आकड्यांना आकडे मानत नाही, शब्द मानतं. शब्दकोशात लावतात तसं पहिलं अक्षर आधी बघतं. नव्याण्णवचं पहिलं अक्षर नऊ, एकशे एकचं एक. एक हा नऊपेक्षा लहान, संपलं. पुढे किती अक्षरं आहेत याच्याशी त्याला देणं-घेणं नाही. खरंच, वर पाहिलं तर नऊ वर्षांची मुलगी बेकरीवाल्याच्या एकोणनव्वद वर्षांच्या वडिलांच्या डोक्यावर बसली होती.

"म्हणजे शंभरी ओलांडली की माणूस पुन्हा बालवाडीत," आत्या म्हणाली. "दुरुस्त कर."

"करतो की."

"तू नाही. तू बस. पोरी, मला शिकव."

बाईंना वाटलं, थट्टा आहे. आम्हालाही वाटलं. पण आत्याने माझी खुर्ची घेतली. खोटं वाटेल, पण बारा दिवसांत तिने आम्हा नऊ जणांना मागे टाकलं. एका बोटाने टंकायची, आणि ओळीच्या शेवटचा अर्धविराम विसरला की पर्ल ओरडायचं तेव्हा त्याच्यावर उलट ओरडायची. आकड्यांना आकडे म्हणून तोलायचं एक चिन्ह असतं, बरोबरच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना एकेक बाण. बाई त्याला उडती तबकडी म्हणत. आत्याने ते चिन्ह वहीच्या पूर्ण पानावर काढून घरी भिंतीला लावलं.

तेराव्या दुपारी निकाल होता. ग्रंथपाल वर आले. कुणी लबाडी करू नये म्हणून शिलाईवाल्या मावशीही आल्या, नातवाच्या पाठुंगळी बसून. आत्याने उडती तबकडी जागेवर बसवली, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि बटण दाबलं.

यादी आली. पहिलं नाव, वय एकशे एकतीस.

दुसरं एकशे अठ्ठावीस. मग एकशे चोवीस. मग एकशे एकवीस. नावं येतच राहिली. एकशे एकच्या वर एकोणीस माणसं होती. आत्या विसावी. पहिली खुर्ची राहू द्या, तिला आता मंचावर उभं राहायलाही जागा नव्हती.

"अगं बाई!" शिकवणारी बाई एकटीच हरखली. "एवढे म्हातारे आहेत तुमच्याकडे? यांना आणायला गाडी पाठवावी लागेल ना?"

बेकरीवाला छताकडे पाहत होता, नर्सबाई नखांकडे. मी खिशातलं घड्याळ काढून बघू लागलो, कारण अठराव्या क्रमांकावर माझा मामा होता. मामाला जाऊन तीस वर्षं झाली होती, आणि गेल्याच आठवड्यात त्याने एक शिकारकथा वाचायला नेली होती.

आता सांगून टाकतो. वाचनालयाचा नियम असा, की एका कार्डावर आठवड्याला एकच पुस्तक. वाचणाऱ्या माणसाचं एका पुस्तकात काय होतं? घरातलं कुणी गेलं की आम्ही सगळीकडे कळवायचो, फक्त वाचनालयात नाही. मला वाटायचं, हा शहाणपणा माझा एकट्याचा. प्रत्येकालाच तसं वाटत असणार. आणि माझ्या चुकीच्या यादीत हे सगळे दिवंगत दहा-पंधरा वर्षांच्या पोरांमध्ये गुपचूप लपून बसले होते. आत्याने क्रम नीट लावला आणि ते उठून उभे राहिले.

मी ग्रंथपालांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकले होते, चेहरा कागदासारखा. एकशे एकतीस वर्षांचे पहिले गृहस्थ त्यांचे आजोबा होते. एकशे अठ्ठावीसवाली मावशींची सासू. मावशी नातवाच्या पाठीवरून उतरेचनात.

"हे एकोणीस जण समारंभाला येणार आहेत?" आत्याने विचारलं.

बेकरीवाल्याने वही मिटली.

"येणार नसतील तर ज्याचं त्याने कबूल करा. एकेक नाव काढते."

कबूल कोण करणार? कार्ड जाणार, वर अब्रू जाणार.

"बरं," आत्या म्हणाली. "एकच काम पुन्हा पुन्हा हाताने करायचं नसतं, असं हिने शिकवलंय मला."

आणि तिने एक ओळ लिहिली. मी तिच्या खांद्यावरून वाचली. वय एकशे एकच्या वर असेल तर ते नाव सोडून पुढे चल. एका ओळीत एकोणीस माणसं! आजवर कुठल्या साथीनेसुद्धा आमच्या गल्लीत इतकी माणसं एका दमात नेली नव्हती. ओळ पुरी झाली असं वाटलं, पण आत्या थांबली. बोट हवेत तसंच. मग तिने आणखी थोडं काहीतरी टंकलं आणि बटण दाबलं.

मामा गेला. आजोबा गेले, मावशींची सासू गेली. खोलीभर एक उसासा फिरला. दुःखाचा की सुटकेचा, ते ज्याचं त्याला ठाऊक. आता पहिलं नाव आत्याचं असणार म्हणून आम्ही पडद्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिलो.

पहिलं नाव, वय एकशे एकवीस. दुसरं आत्या. तिसऱ्या मावशी.

ती पहिली म्हणजे माझी आजी. आत्याची आई. मी सहा वर्षांचा असताना गेलेली.

"ही कशी राहिली?" मावशी किंचाळल्या.

"आहे म्हणून राहिली," आत्या म्हणाली, आणि ग्रंथपालांकडे वळली. "काही म्हणायचंय?"

काही म्हणायचं तर आजोबांपासून सुरुवात करावी लागली असती. "छापा," ते म्हणाले.

जिना उतरताना मी आत्याला धरलं होतं. न राहवून विचारलं, "इतके दिवस पहिल्या खुर्चीचा धोशा लावला होतास. हाताशी आलेली सोडलीस? एका पुस्तकासाठी?"

"तिला वाचता येत नव्हतं रे," आत्या म्हणाली.

"कुणाला?"

"आईला. एक अक्षर नाही. माझं पुस्तक दोन दिवसांत संपायचं आणि उरलेले पाच दिवस मी तिचं डोकं खायचे. म्हणून एक दिवस इथे आली आणि अंगठा उठवून स्वतःच्या नावाने कार्ड काढलं. मला दुसरं पुस्तक मिळावं म्हणून." ती दोन पायऱ्या उतरली. "ओळ लिहिली होती मी. पण त्या ओळीत आईचाही नंबर लागतो, हे बटण दाबायच्या आधी दिसलं."

मी तिचा हात धरून पुढची पायरी उतरलो.

समारंभाला पहिली खुर्ची रिकामी ठेवली. प्रकृतीच्या कारणामुळे ज्येष्ठतम सभासद येऊ शकल्या नाहीत, असं ग्रंथपालांनी न चाचरता जाहीर केलं, आणि त्यांच्या वतीने दुसऱ्या खुर्चीने फीत कापली. टाळ्या ओसरल्यावर तिसऱ्या खुर्चीवरून मावशींनी आत्याला कोपर मारलं.

"ती रिकामीच आहे. सरक तिकडे, माझ्या तोंडावर ऊन येतंय."

आत्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग मावशींकडे.

"मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "आईला उठव."