खंडेनवमीच्या पाटावरचे पिस्तूल

मित्रांनो, मी एक जुने पिस्तूल आहे. दचकू नका. माझ्यात आता गोळी नाही आणि माझा चापही गंजून घट्ट बसला आहे. मी इतका लहान आहे की तुमच्या तळहातावर मावेन. एके काळी मला याचाच भारी गर्व होता.

माझा जन्म बेल्जियम देशातल्या एका कारखान्यात झाला. बोटीने मुंबई आणि रेल्वेने बेळगाव असा प्रवास करून मी कॅम्पातल्या नागोजीअण्णांच्या दुकानात आलो. शेजारी लांबलचक बंदुका उभ्या असत, पण गिऱ्हाइके माझ्यापाशीच रेंगाळत. नागोजीअण्णा मला उचलून म्हणत, "मूर्ती लहान, पण कीर्ती महान! बंडीच्या खिशात टाका, बायकोला बी पत्ता लागायचा न्हाय. बघाच तुम्ही, उद्या हर व्यापाऱ्याच्या खिशात हेच दिसंल." हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

सन १९३१ मध्ये निपाणीचे तंबाखूचे व्यापारी जोतिराम यांनी मला विकत घेतले. चिकोडीच्या रस्त्यावर तेव्हा वाटमारी होत असे. त्यांनी रीतसर लायसन काढले आणि ते मला खिशात बाळगू लागले. मात्र मला नीट ओळखायला ते शिकले नाहीत. दांड्यातले गोळ्यांचे मॅगझिन काढले की मी रिकामा झालो, असे त्यांना वाटे. नळीत आधीच चढलेली एक गोळी तिथेच राहते, हे नागोजीअण्णांनी सांगितले नव्हते. त्यांना विकायची घाई होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारे आणि अवजारे पुजतात. जोतिरामांनी मॅगझिन काढून कपाटात ठेवले आणि तागडी, विळे, कोयते यांच्या शेजारी मला पाटावर ठेवले. माझे तोंड भिंतीकडे होते. तेवढ्यात त्यांची आई बायाक्का आली.

"तोंड भिंतीकडं का ठेवलंयस रं? पुजेला लावलं म्हंजे त्यो देवच की! देवाचं तोंड माणसाकडं पायजे."

"रिकामं हाय आई, कसं बी ठेव."

तिने मला फिरवले. ओल्या फडक्याने पुसले, हळदकुंकू लावले आणि झेंडूचा सर माझ्या दांड्याभोवती गुंडाळला. सराचा दोरा चापावरून गेला. मित्रांनो, मी ओरडू शकत असतो तर छप्पर उडाले असते. माझ्या पोटात गोळी होती आणि तिला जायला समोर एकच वाट होती.

आधी जोतिराम पुढे आले. त्यांनी माझ्यासमोर डोके टेकले आणि ते उठले. दोरा हलला नाही. मग त्यांची बायको अंबूबाई पदर सावरत पुढे बसली. ती वाकू लागली. तिच्या कपाळावरचे कुंकू मला स्पष्ट दिसत होते.

"हार सुटाय लागलाय गं, थांब जरा," असे म्हणत बायाक्काने हात घातला आणि दोऱ्याची गाठ ओढली.

मी सुटलो.

बायाक्काच्या हाताने माझे तोंड थोडे कलले होते, म्हणून गोळी कपाळाऐवजी उजव्या खांद्यात शिरली. अंबूबाई वाचली, पण तो हात पुन्हा कधी वर गेला नाही. बायाक्काने अन्नपाणी सोडले. चौथ्या दिवशी अंबूबाईनेच डाव्या हाताने तिला भात भरवला. मला एका लाकडी डब्यात घालून वर खिळे ठोकले गेले.

दिवाळीनंतर नागोजीअण्णा मोसंब्यांची करंडी घेऊन भेटायला आले. डबा बैठकीतल्या खुंटीखालीच होता, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. आधी ते हळहळले. मग आवाज खाली करून अंबूबाईला म्हणाले, "आक्का, राग मानू नका. गोळी किती लांबनं लागली? गिऱ्हाइकं इचारत्यात."

मला वाटले, आता जोतिराम त्यांना हाकलून देतील. पण अंबूबाईच बोलली.

"हातभर लांबनं, अण्णा. पर गिऱ्हाइकाला ह्ये बी सांगा. चाप सासूच्या हातनं वडला गेला, आन् ती मला लेकीवानी बघती. मारायचं कुणाच्याच मनात न्हवतं."

नागोजीअण्णा मान हलवत राहिले. मग पेन्सिलीचा आवाज आला. 'हातभर' एवढेच पुटपुटत त्यांनी लिहून घेतले.

त्या एका शब्दावर त्या वर्षी माझी सहा भावंडे निपाणीत विकली गेली. मला माझ्या इवल्याशा रूपाची लाज वाटली ती तेव्हा.

मित्रांनो, त्यांतले एखादे अजून कुणाच्या उशीखाली किंवा ट्रंकेत असेल. सापडले तर हात लावू नका. मोठ्या माणसाला हाक मारा, आणि तो मोठा माणूस हसून 'रिकामं हाय' म्हणाला, तर पिस्तुलासमोरून आधी तुमच्या आईला बाजूला घ्या.