डोळ्यातून निघालेली साखर

तमिळनाडूतल्या निलकोट्टैच्या फूलबाजारात मोगऱ्याचा लिलाव कुणी मेलं तरी थांबत नाही. त्या मंगळवारी थांबला. डोळ्यांचे रोग बरे करतो म्हणणाऱ्या कण्णोळी सामीने माझ्या आत्याच्या डोळ्यातून साखर काढली, आणि दलाल तराजू सोडून धावले. मीही पाठीवरचं पोतं टाकून घुसलो.

आमच्याकडे मधुमेहाला नुसतं ‘साखर’ म्हणतात. या एका शब्दावर सामीने दुकान थाटलं होतं. साखर आहे ना, मग ती कुठेतरी साठणार. साठली की तो काढणार.

पितळी डबीतलं काळं अंजन त्याने आत्याच्या पापणीत सोडलं होतं. “पेच्चियम्मा, डोळा मिट. आत देव कामाला लागलाय.” दोन मिनिटांत डोळ्याच्या कोपऱ्यातून एक बुळबुळीत, पारदर्शक मणी घरंगळला. मध्ये काळा ठिपका.

“पाक बघा, पाक,” सामी केळीच्या पानावर तो मिरवत म्हणाला. “दहा वर्षं मुरलेला. आणि हा काळा ठिपका म्हणजे रोगाचा जीव.”

एका बाईने पानाला हात जोडले. एक म्हातारा पुढे रेटत म्हणाला, “आधी माझी काढा. भावापेक्षा मला जास्त साखर आहे.”

“आता त्या बसची पाटी वाच,” सामीने आत्याला फर्मावलं.

“वत्तलगुंडु मार्गे पेरियकुळम,” आत्याने धडाधड वाचलं. लोक नाचायचेच बाकी राहिले.

आत्याने कमरेच्या पिशवीतून नेत्रशिबिराचं कार्ड काढलं आणि फाडायला घेतलं. मी तिचा हात धरला. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढला होता. त्यात चार लाल ठिपके होते. वर्षाने परत या, असं त्यांनी बजावलं होतं, आणि ती तारीख उद्याची होती.

“आत्या, फाडू नकोस.”

“गप रे. साखरच निघाली, आता ठिपके कुठले?”

तेवढ्यात सरबताच्या गाडीवरची वेळ्ळत्ताई पुढे आली. तिने तो मणी बोटावर घेऊन चिमटला. “सामी, हा तुमचा रोगाचा जीव मी रोज सरबतात घालते. सब्जा आहे हा.”

“तोंड सांभाळ, बाई.”

“मी तोंड सांभाळते, तुम्ही डबी सांभाळा,” म्हणत तिने डबी उचलून ग्लासभर पाण्यात उपडी केली. काजळी वर तरंगली, खाली दाणे फुगायला लागले. बघता बघता अर्धा ग्लास मण्यांनी भरला.

“अय्यो, माझ्या ग्लासाला साखर झाली,” वेळ्ळत्ताई म्हणाली. “ग्लासा, पाटी वाच बघू.”

बाजार हसून लोळायला लागला. तिने ग्लास सामीपुढे धरला. “घ्या, थंड असतो.”

“आज माझा उपवास आहे,” सामी म्हणाला, आणि उपवास सोडायला चालत्या बसमध्ये चढला.

आत्या मात्र अडून बसली. “पण मला पाटी वाचता आली ना?”

“काल येत नव्हती?” मी विचारलं.

“येत होती की.”

“मग त्याने बरं काय केलं?”

आत्याने कार्ड पुन्हा पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्या पापणीखालून सब्ज्याचे आणखी दोन दाणे धुऊन काढले. मग नवा फोटो. चार ठिपक्यांचे डझनावर झाले होते, आणि शेजारी पिवळे कण.

“पण मला तर स्वच्छ दिसतंय,” आत्या म्हणाली.

“सुरुवातीला दिसतंच, अम्मा. बारीक नसा फुगतात, ते लाल ठिपके. मग पाझरतात, ते पिवळे कण. पुढे नसा बुजतात, पडदा उपाशी पडतो, आणि नव्या कच्च्या नसा उगवतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त. यात वर्षं जातात, आणि बरीच वर्षं काहीच कळत नाही.”

“म्हणजे मी आंधळी कधी होणार?” बस कधी सुटणार विचारावं, तसं आत्याने विचारलं.

“व्हायचं कशाला? साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा. सहा महिन्यांनी या. गरज पडली तर वेळेत उपचार करू.”

सब्जा ही सामीची छोटी लबाडी. मोठी लबाडी पाटीची: गेलीच नव्हती ती नजर त्याने परत आणून दाखवली, आणि आपण टाळ्या वाजवल्या. अंगात साखर असेल तर डोळ्यांची काही तक्रार नसतानाच, दर वर्षी पडदा तपासून घ्या. पडद्याचं दुखणं पाटी सांगत नाही. सामी तर नाहीच, आणि तुमचा स्वतःचा डोळासुद्धा सांगत नाही. फोटो सांगतो. जा आणि काढून घ्या.