फुमिए-सानची डावी बाजू

शिंकानसेन उत्तरेकडे निघाली की ज्ञानदा कानात कीर्तन लावून डोळे मिटायची. देवदत्तबुवांच्या झांजा आणि गाडीची लय कुठेतरी एक होऊन जायची. मग खिडकीबाहेरचं बर्फ बुवांच्या उपरण्यासारखं सुळसुळायला लागायचं, आणि आपण जपानात आहोत की पुण्यातल्या राममंदिरात सतरंजीवर, हे ठरवायची घाईच उरायची नाही.

पुण्यात ती दातांची डॉक्टर. नवऱ्याच्या, सारंगच्या नोकरीपायी जपानात फुनाबोरीला आली आणि पदवी कपाटात गेली. इथला परवाना नाही, म्हणजे जिवंत माणसाच्या तोंडात आरसा घालायची सोय नाही. दंतमहाविद्यालयात बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम मिळालं, ते कुमागाई-सेन्सेईंच्या हाताखाली; इथे शिक्षकांना आणि डॉक्टरांनाही सेन्सेईच म्हणतात. त्सुनामीनंतर सापडलेल्या, पण अजून बेनाव राहिलेल्या माणसांची नावं त्यांच्या दातांवरून शोधायची, हे सेन्सेईंनी व्रतासारखं धरलेलं होतं.

"जिवंतांनी नाही म्हटलं, म्हणून गेलेल्यांनी ठेवून घेतली बघ तुला," सारंग चिडवायचा.

"ते निदान बोंबलत तरी नाहीत. तू साधं दात साफ करताना केवढा आरडाओरडा केला होतास!"

आज ती निघाली होती फुमिए-सानना भेटायला. समुद्राकाठच्या त्या गावातून त्यांचे यजमान तोकुजी लाटेबरोबर गेले, त्याला आता वर्षं लोटली. मूलबाळ नाही, भावंडं नाहीत, म्हणजे रक्त जुळवून पाहावं असं कोणी उरलं नव्हतं. दातांचा दवाखानाही वाहून गेला, त्याबरोबर त्यांचे एक्स-रे गेले. उरली ती बायकोची आठवण. त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं: वरचा डावा सुळा होडीचा दोर दातांत धरून धरून खाचलेला, त्याच्या मागच्या दाताला चांदीची कॅप, खाली डावीकडे एका दाढेची जागा रिकामी. बेवारस देहांचं दहन झालेलं, अस्थी गावच्या देवळात कलशांत ठेवलेल्या, आणि दातांचे तक्ते सेन्सेईंकडे. पण अशा दातांचा माणूस त्यात नव्हता. कितीदा धुंडाळलं, नव्हता.

आणि आता फुमिए-सानच्याच डॉक्टरांनी हात टेकले होते.

गाडी बदलून गावच्या स्टेशनवर उतरली तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की समुद्र नुसता ऐकू येत होता. फुमिए-साननी दार उघडलं. चिमणीएवढ्या बाई, पण डोळे खट्याळ. कोतात्सूच्या, म्हणजे शेगडी बसवलेल्या त्या बुटक्या टेबलाच्या पलीकडे त्यांनी ज्ञानदाला बसवलं, पांघरूण तिच्या मांडीवर ओढलं.

"सेन्सेई, तुमच्या देशात नवरे जेवताना बोलतात का हो?"

"माझा तर तोंडात घास असतानाही बोलतो."

"आमचे हे बोलायचे नाहीत. हसायचे. हसले की त्या खाचेतून शीळ यायची. मी म्हणायची, जेवताय की गाडी सोडताय?" त्या हसल्या, मग चहाच्या वाफेकडे बघत राहिल्या. "घराण्याच्या थडग्यात माझी जागा ठरलीय. पण त्यांच्याआधी मी एकटीच तिथे जाऊन बसू कशी?"

वाफ आणि धुकं एकच झालं होतं. "कुठला दात तो," ती हळूच म्हणाली, "पुन्हा एकदा दाखवता?"

कोणीही अशा वेळी स्वतःच्या तोंडाला बोट लावतो. फुमिए-साननी लावलं नाही. त्यांचा डावा हात कोतात्सूवरून सरळ पुढे आला, आणि थंडगार बोट ज्ञानदाच्या उजव्या गालावर टेकलं.

"हा. डावा."

त्या क्षणी कुठल्या देवळात घंटा वाजली, की कानात राहिलेली झांज घुमली, देव जाणे. पण धुक्यातून देवदत्तबुवाच उभे राहिले. समोर राम-लक्ष्मण-सीता, आणि बुवा विचारताहेत, "सांगा पाहू, सीतामाई रामाच्या कुठल्या हाताला?" अख्खं देऊळ ओरडतंय, "उजव्या!" आणि बुवा कपाळावर हात मारून हसताहेत: "अरे, उजवी ती तुमची! रामरायाची ती डावी, काळजाची बाजू. देवासमोर बसलात तरी बाजू आपलीच धरून ठेवलीत?"

दंतवैद्याला पहिल्याच वर्षी शिकवतात, की डावं-उजवं पेशंटचं धरायचं. सगळे तक्ते तसेच. त्यामुळे लिहिलेला डावा हा त्या माणसाचाच डावा, याबद्दल इतक्या वर्षांत कोणालाच शंका आली नव्हती. तिलाही नाही.

"फुमिए-सान," ती म्हणाली, "हा माझा उजवा आहे."

बाई गोंधळल्या. आपल्या हाताकडे बघितलं, तिच्या गालाकडे बघितलं. "पण मी तर त्यांना कायम इथूनच बघितलंय."

ज्ञानदाने तिथूनच फोन लावला. "सेन्सेई, सगळं आरशात धरून बघाल? उजवा सुळा, त्यामागे कॅप, खालीही उजवीकडे."

पलीकडे बराच वेळ नुसती कळफलकाची टकटक. मग सेन्सेईंचा श्वास ऐकू आला. "एक जण आहे," ते म्हणाले. "पण अजून त्यांना काही सांगू नका." नाव देताना घाई हे पापच.

मग वय जुळवलं, उंची जुळवली, सापडल्याची जागा पाहिली, पोलिसांनी आपल्या परीने तपासलं. बर्फ वितळून प्लमची झाडं फुलली, तेव्हा कुठे देवळातला तो कलश तोकुजी-सानच्या नावाने घरी आला.

ज्ञानदा सोबत आली होती. ती मागच्या वेळेसारखीच कोतात्सूच्या पलीकडे बसायला गेली, तर फुमिए-सान म्हणाल्या, "तिथे नको. ती त्यांची जागा आहे."

म्हणजे त्या दिवशी आपल्याला तिथे बसवलं होतं! ज्ञानदा निमूट बाजूला सरकली. कलश पलीकडे ठेवला. फुमिए-साननी त्याच्यापुढे वाफाळता भात ठेवला आणि आपण समोर बसल्या. उद्या थडगं उघडणार होतं. आज जेवण होतं.

बाहेर वारा सुटला. सरकत्या दाराच्या फटीतून बारीक, लांब शीळ आली.

"ऐकलंत?" फुमिए-सान पुटपुटल्या.

"ऐकलं. डावीकडून आली ना?"

बाईंनी भातावरून नजर उचलली. डोळ्यांत पाणी होतं, आणि तोच खट्याळपणा.

"कुणाच्या डावीकडून, सेन्सेई?"