शंभर न भरणारा दगड

मित्रांनो, मी एक जुनी मूस आहे, वितळवायचे भांडे. अंगठ्याएवढी उंच, झाकणासकट, आणि अस्सल प्लॅटिनमची. हे शेवटचे मला मुद्दाम सांगावे लागते, कारण एका पाहुण्याने मला कथलाची वाटी समजून माझ्यात मीठ ठेवले होते.

जन्म सोनाराच्या हातोडीखाली झाला, पण माझे खरे आयुष्य गेले सॅक्सनीच्या डोंगरातल्या एका खाणगावात, डॉ. ट्राउगॉट झाइफर्ट यांच्या टेबलावर. दगडात काय काय आहे ते शोधणे हा डॉक्टरांचा व्यवसाय. दगड अकीकाच्या खलात मैद्यासारखा कुटायचा, सोड्यात मिसळून माझ्यात वितळवायचा, मग एकेक घटक वेगळा काढून, वाळवून, तोलायचा. शंभर भाग दगड घेतला तर साऱ्या वजनांची बेरीज शंभरच्या घरात यायला हवी. आली की डॉक्टर बटाटे जवसाच्या तेलात बुडवून खात. नाही आली की नुसते बटाटे.

१८४३च्या हिवाळ्यात एक फिकट पिवळा दगड आला. बेरीज चौऱ्याण्णव. पुन्हा केली, पुन्हा चौऱ्याण्णव. ड्रेस्डेनच्या प्रोफेसर वोल्फर्सडॉर्फांनी याच दगडाचा जो हिशेब छापला होता, तो शंभर होता, दशांशापर्यंत चोख. डॉक्टरांनी आपले चौऱ्याण्णव जसेच्या तसे छापायला दिले. लगेच प्रोफेसरांचे पत्र आले. खाणखात्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद डॉक्टरांना मिळायचे होते. पत्रात होते: नाताळाआधीच्या शास्त्रज्ञांच्या सभेत सर्वांसमोर चूक कबूल करून आकडा मागे घ्या, नाहीतर पद विसरा.

डॉक्टरांनी प्रयोग अकरा वेळा केला. तराजूवर संशय घेतला, सोड्यावर घेतला, शेजारच्या मांजरावर घेतला, शेवटी माझ्यावर. मला समुद्राच्या वाळूने घासले, आम्लात उकळले. मित्रांनो, उत्तर मला ठाऊक होते. ते सहा भाग दर वेळी माझ्या झाकणाखालून वाफ होऊन पळत होते आणि मी बघत होते. पण मुशीला तोंड असते, जीभ नसते.

डॉक्टरांचे घर उल्ब्रिश्टबाई सांभाळत. नवरा खाणीत गेलेला, त्यामुळे दगडांवर त्यांचा आधीच राग. टेबलाजवळची खिडकीची काच धुरकट होते, राखेने घासा की व्हिनेगरने, निघत नाही, ही त्यांची तक्रार महिनाभर चालू होती. नीट पुसा, हे डॉक्टरांचे उत्तर महिनाभर चालू होते. एका सकाळी बाईंनी डॉक्टरांचे बोट धरले आणि काचेवर फिरवले.

“खरखरतंय ना? ही घाण नव्हे, डॉक्टरसाहेब. ही काच कुणीतरी चाटलीय.”

“काच कोण चाटणार, बाई?”

“ते तुम्ही सांगायचं. शिकलेले तुम्ही. मी नुसती पुसते.”

डॉक्टरांचे बोट काचेवरच राहिले. काच खाणारी एकच वाफ त्यांना माहीत होती, फ्लोरिनची. तो ज्या दगडात असतो त्याची पूड गंधकाम्लात तापवली की ती उठते, आणि प्रयोगाच्या एका टप्प्यात डॉक्टर दर वेळी माझ्यात नेमके तेच करत होते. प्रोफेसरांच्या यादीत फ्लोरिन नव्हता, म्हणून यांनीही तो शोधला नव्हता. मोठ्या माणसाला दिसले नाही ते नसतेच, असा तेव्हा शास्त्राचा नियम होता.

डॉक्टरांनी खिडकी चौकटीसकट उपसली. बाईंनी भोकावर बटाट्यांचे पोते ठोकले आणि पुढच्या शोधाला भिंत तेवढी राहू द्या म्हणाल्या. सभेला जाताना टपालगाडीत खिडकी मांडीवर आणि मी खिशात. शेजारच्या उतारूने विचारले, घर एकदमच का नाही नेत?

सभेत खिडकी पाहून प्रोफेसर हसले. “ही घासून आणली असेल घरून.”

“मग काच तुमची घ्या,” डॉक्टर म्हणाले.

प्रोफेसरांनी मोठ्या तोऱ्यात चष्म्याचे एक भिंग काढून दिले. डॉक्टरांनी त्यावर मेणाचा थर दिला आणि सुईने मेणात एक आकडा कोरला: सहा. माझ्यात पिवळ्या दगडाची पूड आणि आम्ल घातले, भिंग माझ्या तोंडावर ठेवले, खाली अगदी मंद आच. सभेची कॉफी होईपर्यंत मी आयुष्यातले सर्वोत्तम काम केले. मेण पुसले. भिंगाच्या मधोमध सहा होता आणि तो पुसला जात नव्हता.

“मग माझं शंभर कसं भरलं?” प्रोफेसरांनी खरोखरच विचारले.

“तुमच्या हिशेबात तुरटीची माती, म्हणजे अ‍ॅल्युमिना, बरीच आहे. तोलली किती?”

“माती कोण तोलतं? बाकी सगळं तोलायचं. शंभरातून उरेल ती माती. सगळे असंच करतात.”

“म्हणून सगळ्यांचं भरतं,” डॉक्टर म्हणाले. “मी मातीही तोलतो.”

 मग प्रोफेसरांनी भिंग चष्म्यात परत बसवले आणि प्रमुखपदासाठी पहिला हात स्वतःच वर केला. माणूस वाईट नव्हता. पुढे मरेपर्यंत त्यांनी जग सहाच्या आरपार पाहिले आणि आपला एकही आकडा न तोलता छापला नाही.

प्रमुख झाल्यावर डॉक्टरांनी एकोणतीस वर्षांत चौदाशेहून अधिक दगड फोडले. दूरदूरच्या खाणींतून टोपल्या येत. ज्याची बेरीज कमी, ती कमीच लिहिली जाई. उल्ब्रिश्टबाईंना नवी खिडकी मिळाली आणि अशी पूड तापवायला डॉक्टरांना अंगणात हाकलण्याचा अधिकारही.

आता मी एका कपाटात बसते. मित्रांनो, मला वाळूने घासलेले चालते, मीठही चालून गेले, पण माझ्यात शिसे तापवू नका, मला भोक पडेल. आणि एक सांगते. दर प्रयोगात मी किंचित झिजे. ती झीज डॉक्टर दर वेळी तोलत आणि दगडाच्या कागदावर सर्वांत खाली लिहीत. आपण किती झिजलो हे कुणी इतक्या निगुतीने लिहून ठेवावे, याहून मोठी माया मला ठाऊक नाही. आपल्या वस्तूंसाठी, माणसांसाठी, एवढे तुम्हीही करा.

हवे तर आज मला तराजूत घाला आणि साऱ्या कागदांवरची झीज त्यात मिळवा. मी पुरेपूर भरते.