साहेबाची कारवी

ठाण्याच्या कचेरीत हरिहरपंत मेहेंदळे दुय्यम कारकून होते, आणि आपल्या मागचं ते ‘दुय्यम’ त्यांना आता सोसवत नव्हतं. अव्वल कारकून दिवाळीनंतर पेन्शनीत निघणार होते. त्यांच्या खुर्चीला तलावाकडचा वारा लागे, आणि त्या खुर्चीवरच्या माणसाला कुणी फिरतीवर धाडत नसे. पंतांना ती खुर्ची हवी होती. ती द्यायची ज्याच्या हातात, तो साहेब कारवीच्या नादी लागलेला होता. म्हणून गेली सात वर्षं पंतही कारवीच्या नादी लागले होते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. पंतांना होती, पण कचेरीत ती कुणी मागितली नव्हती.

साहेबाचं नाव पेनफोल्ड. मलंगच्या डोंगराखालच्या ठाकरवाडीत त्याला पानफूल साहेब म्हणत, आणि ते नाव त्याला जास्त शोभे. कचेरीचं काम तो सकाळच्या दोन तासांत उरकी. बाकीचा दिवस पानं, फुलं, शेवाळ आणि टीपकागद. त्यातही कारवीवर त्याचा विशेष जीव. डोंगरउतारावरची ही झाडं सात वर्षं मुकाट वाढतात, आठव्या वर्षी सगळी एकदम जांभळी फुलतात आणि मग मरून जातात, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साहेबाला ते सिद्ध करायचं होतं. त्यासाठी त्याने एका उतारावरची चाळीस झाडं निवडली, प्रत्येकाला शिशाच्या पत्र्यावर कोरलेला आकडा बांधला आणि दर भाद्रपदात येऊन त्यांची उंची मोजायचा नेम धरला. साहेब मोजी, पंत वहीत लिहीत. साहेबाच्या पायात गुडघ्यापर्यंत बूट असत, त्यामुळे जळवा पंतांनाच लागत. दर वर्षी परतल्यावर पंधरा दिवस हिवताप ठरलेला. नौपाड्यातल्या घरी पंतांच्या पत्नी सगुणाबाई काढा उकळत आणि साहेबाचा उद्धार करत.

त्या मुलखात कारवीवर सगळ्यांचा डोळा. तिच्या सरळ काड्या उभ्या बांधायच्या, वरून शेणमाती लिंपायची, की झाली घराची भिंत. त्या भिंतीला कूड म्हणतात. म्हणून साहेबाने आपल्या चाळीस झाडांवर राघो ठाकराला राखणदार नेमलं. राघो साठीच्या घरातला, बोलायला थोडा, पण शब्दाला पक्का. सात वर्षांत त्याने त्या उतारावरची एक काडी कुणाला मोडू दिली नाही. सख्ख्या मेहुण्याला कोयत्यासकट हाकलून दिलं आणि त्या घराशी येणंजाणं तोडलं. स्वतःच्या झोपडीचा कूड पडला तेव्हा हा गडी दोन डोंगर ओलांडून गेला आणि तिकडून काड्या घेऊन आला. का राखायची, हे त्याने कधी विचारलं नाही. त्याला कुणी सांगितलंही नाही.

आठव्या वर्षी श्रावणात राघोचा निरोप आला, कारवीने कळ्या धरल्या. साहेबाने पंतांना खोलीत बोलावलं आणि चक्क बसायला सांगितलं. या खेपेला पंधरा दिवस मुक्काम करायचा, आठव्या वर्षाचं माप घ्यायचं आणि सगळा निबंध विलायतेच्या विद्वानांकडे धाडायचा, असा त्याचा बेत होता. तो पुरा झाला की तुमच्यासाठी मी स्वतःच्या हाताने शिफारस लिहीन, असंही तो म्हणाला. पंत खोलीबाहेर आले ते मनातल्या मनात खुर्चीवर बसूनच.

इथे पंतांनी जरा जास्तीचं डोकं चालवलं. साहेबाचा तंबू दर पावसात गळे. यंदा त्याला कोरडं झोपवलं तर शिफारशीत चार शब्द वाढतील, असा हिशेब करून त्यांनी शिपायाबरोबर राघोला निरोप पाठवला, की साहेबांना उतरायला छान कुडाचं घर बांध, कारवी उत्तमातली उत्तम घाल, काही कमी पडू देऊ नकोस. चाळीस झाडं तेवढी सोड, असं सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. देवाला पाय लावू नको, असं कुणी पुजाऱ्याला सांगत बसत नाही.

साहेबाच्या दोन दिवस आधी पंत निघाले. कल्याणपर्यंत आगगाडी, तिथून बैलगाडी, शेवटचा कोसभर चिखल. डोंगराखाली पोचले तर घर उभं. आणि काय घर! भिंती ओळंब्याने उभ्या केल्यासारख्या, लिंपण गुळगुळीत, दारापुढे सारवलेलं अंगण. पंत चोहोबाजूंनी फिरले, छपराखाली उघड्या राहिलेल्या काड्यांना हात लावून पाहिला आणि खूश होऊन विचारलं, की एवढी उंच आणि सरळ कारवी मिळाली कुठे.

“साहेबाचीच हाय,” राघो म्हणाला.

त्याने कमरेची पुरचुंडी सोडून पंतांच्या हातात दिली. आत शिशाचे चाळीस आकडे होते. एकही हरवलेला नव्हता.

 पंत ते परतपरत मोजू लागले, तेव्हा राघोच बोलला, आणि आयुष्यात बोलला नसेल एवढं बोलला. “सात वरसं राखली, पंत. उगा कोन राखतंय? मानूस काडी घरालाच राखतो. साहेबाला घर कवा बांधायचा ह्याचीच वाट बघत व्हतो मी. आता दुसरीकडची काडी साहेबाच्या भितीत घातली असती, तर माझी राखन काय कामाची?”

पंतांना संताप आला, आणि जास्त संताप याचा आला की या बोलण्यात चूक कुठे आहे ते त्यांना दाखवता येईना. कोकणातल्या घरामागे त्यांच्या आजोबांनी एक फणस तीस वर्षं राखला होता, तो तुळईसाठीच. चाळीस झाडं मोजायला राखायची, ही गोष्ट आजोबांनाही पटली नसती. राघो समोर उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लेकीला चांगल्या घरी दिलेल्या बापाचं समाधान होतं. पंतांनी तोंडाशी आलेल्या शिव्या गिळल्या आणि घर छान झालंय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंत एकटे पुरचुंडी घेऊन ओढ्यापलीकडच्या उतारावर गेले. तिथेही कारवी होती आणि तीही फुलायला लागली होती, कारण कारवी फुलते ती सगळीच. पंतांनी एकेक आकडा एकेका झाडाला बांधला. ही झाडं बुटकी होती, तो उतार वाऱ्याचा. वहीतले आकडे खाडाखोड करून जुळवले असते, पण वही साहेबाच्या पेटीत आणि पेटी साहेबाबरोबर. परत येताना राघो भेटला. पुढल्या घराची कारवी राखायची का ही, असं त्याने विचारलं. पंत हो म्हणाले.

साहेब आला, घर पाहून हरखला आणि सकाळीच मोजायला निघाला. वाट यंदा लांब वाटते, असं तो एकदा म्हणाला; पावसाने जुनी वाट मोडली, असं पंतांनी सांगितलं. साहेब चष्म्यापुढच्या दोन हातांपलीकडचं कधी बघत नसे, हे सात वर्षांत पंतांनी ओळखलं होतं. सगळा उतार जांभळा झाला होता आणि मधमाश्यांचा नुसता घोंगाट चालला होता. पंतांना त्यातलं काही दिसत नव्हतं.

पहिलं झाड गेल्या वर्षी नऊ फूट दोन इंच होतं. आज भरलं साडेसात फूट. दुसरं पावणेदोन फुटांनी कमी. तिसरं तसंच. साहेब मोजत गेला. विसाव्या झाडाशी तो दगडावर बसला आणि त्याने टोपी काढली.  खुर्ची गेली, आता नोकरी तरी राहू दे, असं पंत डोंगरावरच्या मलंगबाबाला विनवू लागले.

साहेबाच्या डोळ्यांत पाणी होतं. “हरिहरपंत, हे झाड फुलताना खचतं,” तो हळू आवाजात इंग्रजीत म्हणाला. “सगळा जीव फुलात जातो आणि खोड बसतं. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आजवर कुणी मोजलं नाही.”

विद्वान माणसाच्या चुकाही विद्वानच असतात. पंतांनी मान डोलावली. पण साहेबाला एवढ्याने भागणार नव्हतं. त्याला साक्षीदार हवा होता. त्याने राघोला बोलावून घेतलं. राघोची बोली साहेबाला कळत नसे, म्हणून पंत मध्ये उभे राहिले. फुलोऱ्याच्या वर्षी कारवी खचते, हे तू पाहिलंयस का, असा साहेबाचा सवाल होता. पंतांनी राघोला विचारलं, की साहेबांची कारवी कशी होती ते सांग.

राघोने हात वर करून उंची दाखवली, मग डोंगराखालच्या घराकडे बोट केलं आणि हात खाली आणला. “अशी उंच व्हती. आता साहेबाच्या भितीत हाय, साहेबानं सुखानं निजावं. ही बुटकी हाय, पन हीबी राखीन.”

“तो म्हणतो,” पंतांनी साहेबाला सांगितलं, “लहानपणापासून पाहतोय. आधी एवढी उंच असते, फुलली की एवढी होते.”

हात तर साहेबाने डोळ्यांनी पाहिलेच होते. तो उठला आणि त्याने राघोचा हात हातात घेतला. साहेबाला घर एवढं आवडलं म्हणून राघोही भरून आला. त्या दोघांकडे बघताना पंतांना स्वतःची शरम वाटली. त्या उतारावर तिघे होते आणि खोटं बोललेला एकच होता.

निबंध विलायतेला गेला आणि छापून आला. त्यात ‘मलंगच्या डोंगरातील एका वृद्ध ठाकराची साक्ष’ असा खास उल्लेख होता. दिवाळी झाली, आणि पंतांच्या हाती साहेबाच्या शिफारशीचं फळ पडलं. साहेबाने त्यांची इतकी तोंडभरून स्तुती केली होती, की वरच्यांनी त्यांच्यासाठी एक नवीच जागा काढली. कारवी कशी खचते याची समग्र तपासणी व्हायची होती, आणि त्या कामाला हरिहरपंतांएवढा लायक माणूस इलाख्यात नव्हता. मुक्काम मलंगच्या डोंगराखाली. मुदत पुढच्या फुलोऱ्यापर्यंत, म्हणजे आठ वर्षं. अव्वल कारकुनाची खुर्ची एका तिसऱ्याच माणसाला गेली. सगुणाबाईंनी हुकूम दोनदा वाचून घेतला आणि काढ्याचं आधण ठेवलं.

पंत तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी ठरवलं, की नोकरी गेली तरी चालेल, पण आठ वर्षं जळवा नकोत. ते साहेबाच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्या सगळं सांगून मोकळे झाले. ओढा, आकडे, घराची भिंत, राघोचं खरं बोलणं, काही ठेवलं नाही.

साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. टेबलावर त्याचा छापील निबंध होता, तो त्याने सरळ करून ठेवला. डोंगराची धास्ती माणसाला काय काय बोलायला लावते, हे आपण समजू शकतो, असं तो म्हणाला. 

“पण राघोची साक्ष आहे, पंत. तो अडाणी माणूस, तो कशाला खोटं बोलेल? लिहिता-वाचता येणाऱ्यांचं मात्र काही सांगता येत नाही.”

आठ वर्षांत साहेबाने केलेल्या निरीक्षणांपैकी एवढं एकच बिनचूक होतं. पंतांनी नमस्कार केला आणि मृग लागायच्या आत बिऱ्हाड मलंगखाली हलवलं.