शिंकेला माफ असतं

घड्याळजी दर शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत पोरांना बुद्धिबळ शिकवायचे. त्यांचा एकच नियम होता, हात लावला की तीच सोंगटी खेळायची. त्यात दयामाया नाही. एकदा माशी हाकलताना एका पोराचा हात वजिराला लागला, तरी त्याला वजीर हलवायला लावला होता.

त्या शनिवारी घोड्याचा दुहेरी मार शिकवून झाला. "एक उडी मारायची, राजाला शह, आणि वजीरही तोंडात!" मग नमुना म्हणून ते शिंपिणीच्या धाकटीशी खेळायला बसले. सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. सगळे तिला बटण म्हणायचे.

तेराव्या चालीला घड्याळजींनी एका प्याद्यावर बोट ठेवलं आणि मग त्यांचं पटाकडे नीट लक्ष गेलं. त्या प्याद्यानं एक घर राखून धरलं होतं. प्यादं पुढे सरकलं की बटणचा घोडा नेमका त्याच घरात येणार. राजा, वजीर, दोघंही कचाट्यात. बारा पोरं बघत होती.

घड्याळजी शिंकले. म्हणजे, शिंक काढली. "आक्छी! शिंकेनं लागला हात. हे धरत नाहीत हं."

बटणनं त्यांच्याकडे बघितलं. "शिंकेला माफ असतं?"

"असतं की!"

"बरं," ती म्हणाली. आणि हरली.

पुढच्या शनिवारी खोलीत सर्दीची साथच आली. कोपऱ्यात कुणी उंटाला हात लावून शिंकलं, खिडकीशी कुणी हत्तीला. एक जण तर आधीच शिंकून ठेवत होता, पुढे लागली तर असावी म्हणून. ग्रंथपालबाई नाकाला पदर लावून वर आल्या. "मास्तर, हे काय चाललंय? दवाखाना उघडलाय की काय? सगळ्यांना घरी पाठवा बघू!"

"नाही हो बाई, ते आपलं..." घड्याळजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

शिंकत नव्हती ती एकटी बटण. तिचा हात चुकून हत्तीला लागला होता. ओठ घट्ट मिटून तिनं तो हलवला, आणि गमावला.

"अगं, शिंकायचंस ना!" शेजारचा म्हणाला.

"मला आलीच नाही."

घड्याळजींना वाटलं, आपल्या दुकानातल्या सगळ्यात बारीक घड्याळात शिरून झाकण लावून घ्यावं. ते बाकावर येऊन बसले. "बटण, आपला मागचा डाव आठवतो?"

तिनं सोंगट्या तेराव्या चालीला होत्या तशा मांडल्या. एकदाही अडली नाही. आठवडाभर डोक्यात घेऊन फिरत होती.

"बाई, साथ माझ्यापासून लागलीये," घड्याळजी म्हणाले. "मला त्या दिवशी शिंक आली नव्हती. मी खोटं शिंकलो." त्यांनी प्यादं पुढे सरकवलं.

बटणनं घोडा ठेवला. "शह."

आणि तेवढ्यात, इतक्या जुन्या पुस्तकांच्या धुळीनं म्हणा, घड्याळजींना खरीखुरी शिंक आली. अशी की बाही लागून सगळा पट जमिनीवर.

"मास्तर!!" बारा पोरं ओरडली. ग्रंथपालबाईंनी तर कपाळालाच हात लावला.

"अरे, खरी होती! देवाशप्पथ खरी होती!" कुणी ऐकेना. ऐकावं तरी का?

बटण बाकाखाली शिरली, सोंगट्या गोळा करून आली आणि एकेक जागच्या जागी ठेवायला लागली. शेवटी मुठीत राहिला घड्याळजींचा वजीर. तोही तिनं नीट त्याच्या घरात ठेवला.

"हा अजून तुमचाच आहे," ती म्हणाली. "आधी राजा हलवा. मग घेते."